मिठाच्या वाटेचं पुस्तक

"मी चालवते," मी म्हणाले.

राजारामपुरीत ऋतुराज चौगुलेच्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. माझं वाक्य संपलं आणि बाकीचे तिघं एकदम गप्प झाले. गार्गीनं कप बशीत ठेवला, तेवढाच काय तो आवाज. मला सहाव्या वर्षापासून दिसत नाही, त्यामुळे असल्या गप्प बसण्याचा अर्थ मला लवकर कळतो. लोक एकमेकांकडे बघत असतात.

तीन वर्षं आम्ही दर रविवारी सकाळी तो खेळ खेळत होतो. टेबलाभोवती बसायचं, एकानं एक जग चालवायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. मी दार उघडते, मी पळून जाते, मी ह्या माणसाशी खोटं बोलते, असं तोंडानं सांगायचं आणि जमलं की नाही ते फासा टाकून ठरवायचं. जग चालवणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. आमचा सूत्रधार ऋतुराज होता. आता त्याला जर्मनीत नोकरी लागली होती, महिन्याभरात तो जाणार होता, आणि खेळ बंद करायचा की कुणी पुढे न्यायचा एवढाच प्रश्न होता.

"अगं, सूत्रधाराला खूप वाचायला लागतं," गार्गी हळूच म्हणाली. ती दातांची डॉक्टर. वाईट बातमी मऊ आवाजात सांगायची तिला सवय होती.

"माहीत आहे."

"जगाचं पुस्तक असतं ना, त्यात नकाशे, तक्ते..."

"तेही माहीत आहे."

"चालवू दे की तिला," इम्तियाज म्हणाला. इम्तियाज मुजावरची शिरोलीला फाउंड्री होती. माझ्यासाठी त्यानं वीस बाजूंचा एक फासा ओतून आणला होता, प्रत्येक बाजूवर ब्रेलचे ठिपके असलेला. तो इतका जड होता की पहिल्याच दिवशी ऋतुराजच्या टेबलाची काच तडकली.

ऋतुराज शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पुस्तकाचं माझ्यावर सोड."

पुढच्या रविवारी त्यानं माझ्या मांडीवर एक पुस्तक ठेवलं. पाटासारखं रुंद, वरवंट्यासारखं जड. मुखपृष्ठावर काहीतरी उठावाचं होतं, बोटांना पंखांची नक्षी लागली. आतून एक नकाशा निघाला. तो उलगडायला इम्तियाज आणि गार्गी दोघांनी चार कोपरे धरले.

"आम्ही तिघांनी मिळून पुण्याहून मागवलं," ऋतुराज म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "ढगांत तरंगणारी सत्तर बेटं आहेत. ह्याच्याइतकं देखणं जग दुसरं नाही. आणि मी सगळं ठरवलंय. नकाशा इम्तियाज बघेल, तक्ते गार्गी वाचेल. तू फक्त गोष्ट सांगायची."

मी पानावरून हात फिरवला. गुळगुळीत, थंड कागद. तिघांनी माझ्यासाठी केलं होतं, मनापासून केलं होतं. थँक्यू म्हणून मोकळं व्हायचं होतं. ते मी म्हटलंही. पण मग तोंडातून निघालं, "तुझ्याकडे आणखी कुठली जगं आहेत?"

"का?"

"बघून ठरवते."

कपाटातून त्यानं आणखी दोन पुस्तकं काढली. एक पातळ होतं, एकाच शहराचं. "हे तुला सोपं जाईल," तो म्हणाला. दुसऱ्याची शिवण सुटली होती आणि त्याला जुन्या गोणपाटासारखा वास होता. "हे फाशांच्या जुन्या ढिगाबरोबर फुकट आलेलं. कुठल्यातरी मिठाच्या व्यापाऱ्यांच्या वाटेचं. चित्रं नाहीत, काही नाही. मी कधी उघडलंही नाही."

"तिन्ही दे," मी म्हणाले. "तू जायच्या आधीच्या रविवारी सांगते."

मी बँकेत काम करत होते. तिथला संगणक मला सगळं वाचून दाखवायचा. पण असल्या पुस्तकांपुढे त्याचं काही चालायचं नाही. पानं स्कॅन करून दिली तर तो दोन रकाने एकात एक मिसळून वाचायचा, राजाच्या तोंडात घोड्याच्या चाऱ्याचा भाव यायचा. नकाशापाशी आला की नुसता "चित्र" म्हणून पुढे जायचा. म्हणून मी आईला विचारलं.

आई, शालन सुतार, एस.टी.त कंडक्टर होती. पहाटेची गगनबावड्याची फेरी करून दुपारी दोनला घरी यायची, पाय धुऊन जेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला पाठ लावून बसायची. माझ्या रविवारच्या खेळाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. फासे म्हटलं की तिला जुगारच आठवायचा.

"आणि इंग्रजी आहे म्हणतीस? मला कुठलं झेपायला ते."

"तू अक्षरं सांग. अर्थ मी सांगते."

तशी आमची वाचनं सुरू झाली. आई अडखळत एकेक शब्द उच्चारायची, अडली की स्पेलिंग सांगायची, मी शब्द ओळखायचे आणि मराठीत सांगायचे. तिला दिसत होतं, मला इंग्रजी येत होतं. दोघींपैकी एकटीला ते पुस्तक वाचता आलं नसतं.

सुरुवात अर्थातच बेटांच्या पुस्तकानं केली. ते मला आवडायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. पहिल्या दिवशी एका बेटावरच्या पक्ष्यांच्या बाजाराचं वर्णन ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण चौथ्या दिवशी आई वैतागली.

"परत तेच. 'नकाशा पाहा.' मागच्या पानावर पण तेच होतं. प्रणाली, ह्यात गावं सत्तर सांगितलीत, पण हितनं तिथं जायचं कसं, मधे काय लागतं, काही लिहिलंच न्हाई."

"नकाशावर असेल."

"नकाशावर सगळं हाय. मी बघते नव्हं. पण तुला सांगू कसं? हे ह्याच्या वर, ते त्याच्या उजवीकडं, तिसरं दोघांच्या मधे पण जरा खाली." तिनं कागद घडी घालून बाजूला सारला. "मलाच घेरी आली."

मी हट्ट सोडला नाही. आठवडाभर ती बेटं पाठ करायचा प्रयत्न केला. बँकेत जेवणाच्या सुट्टीत डब्याची झाकणं मांडून बघितली, घरी परातीत लिंबं मांडली. सत्तरातली बारा जमली. तेरावं मांडलं की पहिली चार डोक्यातून घसरायची.

पातळ पुस्तक दोन दुपारींत संपलं. सोपं होतं खरं. एक शहर, आठ गल्ल्या, ठरलेली माणसं. लहान मुलाला द्यावं तसं.

मग आईनं ते गोणपाटाच्या वासाचं पुस्तक उघडलं. समुद्राकाठच्या मिठागरापासून डोंगरातल्या एका बिनमिठाच्या शहरापर्यंत जाणारी एकच वाट, आणि वाटेवरचे सव्वीस मुक्काम. एकामागून एक. प्रत्येक मुक्कामाचं एक प्रकरण. आधीच्या मुक्कामापासून किती दिवस, वेशीवर कोण उभं असतं आणि काय विचारतं, पाणी गोडं की मचूळ, वारा कसला वास घेऊन येतो, तिथली माणसं कशाबद्दल खोटं बोलतात.

तिसऱ्या पानावर आईचं अडखळणं कमी झालं. पाचव्या पानावर ती ताठ बसली, तिच्या आवाजावरून मला कळलं.

"ह्या लिहिणाऱ्यानं टप्पे बरोबर पाडलेत बघ," ती म्हणाली. "चढ लागला की दिवस वाढवलाय. पावसाळ्यात पूल बंद, तर वळसा किती, तेबी दिलंय."

नावांची भाषांतरं आम्ही तिथल्या तिथे करत गेलो. राखेची विहीर. दोन भावांचा पूल. मुकं गाव. घंटेचा घाट. तिसऱ्या दुपारी मी तिला म्हटलं, "आता मी सांगते, तू बघ." आणि पहिल्या मुक्कामापासून सुरू केलं.

लहानपणी सुट्टीत मी आईबरोबर गाडीत जायचे. बालिंगा, कळे, असळज, गगनबावडा. कोणतं गाव आलं ते मला कुणी सांगायला लागायचं नाही. कळ्याच्या आसपास गुऱ्हाळांचा वास यायचा, घाट जवळ आला की हवा गार व्हायची आणि गाडीचा आवाज बदलायचा. मिठाची वाट माझ्या डोक्यात तशीच गेली. आठव्या मुक्कामाला आईनं अडवलं. "घाट विसरलीस." मी मागे जाऊन घाट घेतला आणि सव्विसाव्यापर्यंत पोचले.

मग आईनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "विहिरीवर एक बाई चढली. पोर आजारी. तिला घंटेच्या घाटाला जायचंय. कितव्या दिवशी पोचेल? मधे औषध कुठं मिळंल?" मी सांगितलं. तिनं दुसरी बाई चढवली. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

असं सगळं असूनसुद्धा, ऋतुराज जायच्या आधीच्या शनिवारी मी आईला म्हणाले, "मला वाटतं, बेटांचंच घेऊन जावं."

"का गं?"

"त्यांनी माझ्यासाठी आणलंय. ऋतुराजला किती आनंद झाला होता. तो जाणार आहे चार दिवसांत. आता नको म्हणणं बरं दिसत नाही. इम्तियाज नकाशा बघेल, होईल सगळं नीट."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायचा आवाज चालूच राहिला.

"मी नवीन लागले तेव्हा माझ्या गाडीवर सदाभाऊ म्हणून ड्रायव्हर होते," ती म्हणाली. "लई चांगला माणूस. बाई कंडक्टर म्हणजे लोकांना नवल. सदाभाऊंना माझी काळजी वाटायची. कुणी हुज्जत घातली की तेच मागं वळून गप्प करायचे. गाव आलं की माझ्याआधी तेच ओरडायचे. महिन्याभरात लोक तिकिटाचं, सुट्ट्याचं, उतरायचं, सगळं त्यांनाच विचारायला लागले. मी नुसती पिशवी अडकवून उभी."

"मग?"

"मग एक दिवस असळजला गाडी थांबवून त्यांना सांगितलं, दादा, तुमी गाडी चालवा. मागचं मी बघते. लई वाईट वाटलं त्यांना. पंधरा दिवस माझ्याशी बोलले न्हाईत." तिनं घड्या उचलून कपाटात ठेवल्या. "मलाबी वाईट वाटलं. पण परत कधी कुणी त्यांना तिकीट मागितलं न्हाई."

एवढंच बोलून ती भाकरीचं पीठ मळायला गेली.

रविवारी ऋतुराजच्या हॉलमध्ये खोकी भरलेली होती. माझी काठी तीनदा आपटली. मी बेटांचं पुस्तक टेबलावर ठेवलं, घडी घातलेला नकाशा त्यावर ठेवला.

"मी हे चालवणार नाही," मी म्हणाले. "मिठाच्या वाटेचं चालवणार आहे."

"ते?" ऋतुराज म्हणाला. "प्रणाली, ते जुनाट आहे. त्यात काहीच नाही."

"माझ्यासाठी आहे."

"हे आम्ही तिघांनी मिळून आणलं होतं."

"माहीत आहे मला. दहा-बारा दिवस ह्याच्यावरच घालवले. हे सुंदर आहे, ऋतुराज. पण ते डोळ्यांनी चालवायचं जग आहे."

"म्हणून तर मी आहे ना," इम्तियाज म्हणाला. "मी नकाशा धरला तर बिघडलं कुठं?"

"तू नकाशा धरलास की जग तुझ्या हातात राहणार. मला दर वेळी तुला विचारून तुम्हालाच सांगावं लागेल. दोन रविवारांत तुम्ही मला विचारायचं सोडून थेट इम्तियाजला विचाराल. आणि तुमचं चुकणारही नाही."

"पण हे जुनं पुस्तकही कुणीतरी वाचूनच दाखवलं असेल ना?" हे गार्गी.

"आईनं. पण ती वाचून मोकळी झाली. आता ते माझ्याकडे आहे. इथे टेबलाशी ती नसणार."

ऋतुराज उठून खिडकीशी गेला. त्याच्या चपलांवरून कळलं. "मला वाटलं होतं, तुला आवडेल," तो म्हणाला. पुस्तक परत उचलावं असं एक क्षण वाटलं. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"बसा," मी म्हणाले. "आत्ता सुरू करू. नाही जमलं तर खेळ बंद करू, मी तक्रार करणार नाही. ऋतुराज, तूसुद्धा. तू खेळाडू."

तो येऊन बसला, पण रागानं बसला. गार्गी मिठाची व्यापारीण झाली, इम्तियाज तिचा पहारेकरी. ऋतुराजनं खेचरवाला घेतला. पहिले दोन मुक्काम त्यानं एक शब्द काढला नाही. मी बोलत राहिले. वेशीवरचा म्हातारा काय विचारतो, पाण्याची चव कशी, वारा कुठून. गार्गीनं म्हाताऱ्याला गंडवायचा प्रयत्न केला आणि स्वतःच फसली. इम्तियाज हसला.

राखेच्या विहिरीवर ऋतुराज पहिल्यांदा बोलला. "मी वाट सोडतो. खेचरं घेऊन उत्तरेला जातो. काय आहे तिकडे?"

पुस्तकात उत्तरेला काही नव्हतं, एक ओळसुद्धा नाही. हे त्याला माहीत नव्हतं, पण जगाचा काठ कुठे असतो ते तीन वर्षं सूत्रधारी केलेल्या माणसाला बरोबर कळतं. तो मला तिथेच नेत होता.

मी फासा मुठीत घेतला, त्याचे ठिपके टोचले.

"वाट नाही," मी म्हणाले. "पण वारा तिकडूनच येतोय. धुराचा वास आहे. स्वयंपाकाचा नाही, ओल्या लाकडाचा."

"मी वासाच्या मागे जातो."

"खेचरं अडतात. त्यांना तो वास नको आहे. फासा टाक."

त्यानं स्वतःचा फासा टाकला. इम्तियाजनं वाचला, "दोन." एक खेचर ओढ्यात बसलं आणि पाठीवरचं मीठ भिजलं. ऋतुराजनं ते वाचवायला धडपड केली, तेवढ्यात कोळसा पाडणाऱ्या माणसांची एक टोळी आली. ती मी त्याच क्षणी जन्माला घातली. त्यांनी कधीकाळी विहिरीचं पाणी ह्या वाटेच्या लोकांना दिलं होतं आणि त्याचा त्यांना पश्चात्ताप होत होता. ऋतुराज त्यांच्याशी अर्धा तास भांडला. आधी माझ्यावरच्या रागानं भांडत होता, मग खेचरवाला म्हणून भांडायला लागला. फरक आवाजात कळतो.

नंतर एकदा मी चुकले. पुलानंतर थेट घंटेचा घाट आणला.

"थांबा," मीच म्हणाले. "मधे मुकं गाव राहिलं. एक दिवस मागे या."

"हे आम्हाला कळलंही नसतं," गार्गी म्हणाली.

"मला कळलं."

मुक्या गावात कुणीच बोलायचं नव्हतं, फक्त टेबलावर बोटं वाजवायची होती. चौघंही बोटं वाजवत बसलो. गार्गीच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तिनं घेतला नाही. भूक लागली तेव्हा कळलं की तीन वाजून गेलेत आणि आम्ही आठव्या मुक्कामाला आहोत.

"माझ्या खेचरवाल्याचं काय करणार?" ऋतुराजनं विचारलं. "मी बुधवारी जातोय."

"त्याला घाटात ताप आलाय. तिथली म्हातारी सांभाळेल."

"बरं," तो म्हणाला. त्यानं खोकी सरकवायला घेतली. निघताना मी हात पुढे केला तो त्यानं हातात घेतला, पण लगेच सोडला. बेटांचं पुस्तक त्यानं एका खोक्यात टाकलं आणि वर चिकटपट्टी ओढली. तो आवाज मला घरी येईपर्यंत ऐकू येत होता.

मिठाची वाट आम्ही पाच वर्षं चालवली. पुढे गार्गीची नणंद आली, बँकेतला एक सहकारी आला. सव्वीस मुक्कामांचे चाळीस झाले. विचारायचं ते सगळे मलाच विचारायचे. ऋतुराजचे फोन इम्तियाजला यायचे, गार्गीला यायचे. मला वाढदिवसाला एक ओळ यायची. मी उत्तर पाठवायचे, तेही एकच ओळ.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार झाले. आईची चौकशी केली. मग म्हणाला, "इथे एक गट जमलाय. पाच जण आहेत. मी त्यांना बेटांचं जग चालवून दाखवलं, चार महिन्यांत बंद पडलं. मला ते मिठाचं पुस्तक हवंय. कुठेच मिळत नाही."

"इम्तियाजला सांगते. फोटो काढून पाठवेल."

"फोटो नकोत," तो म्हणाला. "तू सांग. मी लिहून घेतो."

"सगळं?"

"तुला वेळ असेल तर."

आई दारात बसून शेंगा फोडत होती. तिनं आवाज न करता परात बाजूला ठेवली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मिठागरापासून सुरू केलं. तिकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या मुक्कामाच्या वेशीशी आले तेव्हा तो म्हणाला, "जरा हळू सांग. मागे राहतोय."

मी हळू सांगायला लागले.